मत कुणाचं, निष्ठा कुणाची?

(बेटेगाव येथे झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

आज सकाळी बोईसर स्टेशनवरून शेअर रिक्षाने इथे येत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कसला मेळावा आहे ताई? फॉर्म भरून घेणार आहेत का?" मी म्हटलं, "नाही, निवडणुकीवर बोलायचं आहे." त्या म्हणाल्या, "निवडणूक तर झाली की." आणि त्या चिल्हारच्या रस्त्याकडे बघत बसल्या. खरं तर इथेच मला माझं भाषण संपवता आलं असतं. निवडणूक झाली की आपलं काम संपलं, असं बायकांना वाटतं. आणि ते तसं वाटण्यात पक्षांची सोय आहे.

पण संयोजक मैत्रिणींनी मला मोठा विषय दिला आहे. मतदारांची निष्ठा का बदलते आणि त्यातून देशाचं राजकारण कसं बदलत गेलं, यावर बोल म्हणाल्या. मी राजकारणाची अभ्यासक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं, त्यात निवडणूक हा विषय जवळजवळ नव्हताच. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी मी या भागात कामाला लागले. बचत गट, रेशन, घरातली मारहाण, रोजगार हमीची मजुरी, हे माझं काम. निवडणूक मध्ये येते आणि आमच्या बैठका पंधरा-वीस दिवस बंद पडतात, एवढाच तिचा माझा संबंध होता. तो कसा बदलला, ते आधी सांगते, कारण त्यात माझीच चूक आहे.

२०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. पुढच्याच आठवड्यात एका पाड्यावर गटाची बैठक होती. माझं डोकं तापलेलं होतं. सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला राज्यात ४८ पैकी १७ जागा मिळालेल्या युतीला आता २८८ पैकी २३० जागा मिळाल्या होत्या. सगळीकडे एकच चर्चा, लाडक्या बहिणींनी निवडून दिलं. मी बैठकीत बसल्या बसल्या बोलून गेले, "दीड हजारात मत विकलंत ना तुम्ही?"

कुणी काही बोललं नाही. हप्त्याच्या वहीवर सगळ्यांच्या नजरा. मग साठीच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, आधी शिक्का मारायची तेव्हा नवरा सांगेल तिथं मारला. मग बटण आलं, मुलगा सांगेल तिथं दाबलं. तेव्हा तुम्ही कधी विचारलं नाही, किती घेतले म्हणून. आता मी कुणाला न विचारता दिलं, तर तुम्ही रागावता." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी कुणाला दिलं ते तरी तुम्हाला कुठं ठाऊक आहे?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी धरूनच चालले होते. दहा वर्षं मी या बायकांना सांगत आले होते की तुमचं मत तुमचं आहे. आणि माझ्या मनासारखा निकाल लागला नाही, तर मी त्यांच्याशी घरातल्या पुरुषासारखी बोलले. त्या दिवसापासून मी या विषयाकडे लक्ष द्यायला लागले. आज जे सांगणार आहे ते तिथून सुरू होतं.

पहिला प्रश्न मला असा पडला की निष्ठा बदलली म्हणतात, तर आधी ती होती कुणाची?

आपल्या भागात राजकीय निष्ठा म्हणजे काय, हे समजायचं तर १९४५ कडे जावं लागतं. इथे बसलेल्या वारली मैत्रिणींच्या आज्या-पणज्यांनी ते दिवस पाहिलेले आहेत. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात तेव्हा वेठ होती आणि लग्नगडीची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत नवरा त्याच्याकडे राबायचा, आणि त्याच्याबरोबर नवी नवरीही. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबायचं दोघांनी, आणि बाईवर जमीनदाराचा हक्क असल्यासारखी वागणूक. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत इथे आले आणि वारल्यांनी ती वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी ते लिहून ठेवलं आहे. लोक त्यांना गोदाराणी म्हणत.

त्यानंतर ज्या घरांनी लाल बावटा धरला, ती धरूनच राहिली. ही निष्ठा फुकटची नव्हती. ज्यानं वेठ सोडवली त्याला मत, असा त्यात सरळ हिशोब होता. १९७७ मध्ये डहाणू लोकसभा मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम निवडून गेले. आज देशात त्या पक्षाची ताकद खूप ओसरली, पण डहाणू विधानसभेत २०१९ आणि २०२४ ला विनोद निकोले त्याच पक्षाकडून निवडून आले. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत त्या पक्षाची तेवढी एकच जागा आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढ्याचा धागा अजून तुटलेला नाही, हे लहान नाही.

पण मैत्रिणींनो, या चांगल्या निष्ठेतही बाई कुठे होती? एका पाड्यावर मी वयस्कर बायकांना विचारलं, तुम्ही आधीपासून लाल बावट्याच्या का? एक आजी म्हणाल्या, "माहेर काँग्रेसचं, इथं आले ती बावट्यात आले." दुसरीचं उलटं. लग्न झालं की नाव बदलतं, देव बदलतो, तसा पक्षही बदलायचा. यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. ज्याला आपण या घराची निष्ठा, त्या पाड्याची निष्ठा म्हणतो, त्यात निम्मी माणसं कुणी न विचारता मोजलेली होती. अभ्यासक लिहितात, अमुक समाज अमुक पक्षापासून दुरावला. बायका दुरावल्या की पुरुषांबरोबर नेल्या गेल्या, हे त्या वाक्यात कुठेच कळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असं सांगितलं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असा निर्णय घेतला आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. सेन यांचं बरोबर होतं असं मला वाटतं, नाहीतर आजही आपण अमक्याची बायको म्हणून मत दिलं असतं. पण त्या २८ लाख जणींचं पहिलं मत बुडालं, तेही खरं. १९६२ ला लोकसभेला देशात ६३ टक्के पुरुषांनी मतदान केलं होतं आणि साधारण ४७ टक्के स्त्रियांनी. हे अंतर हळूहळू मिटत गेलं आणि २०१९ च्या लोकसभेला स्त्रियांचं प्रमाण पहिल्यांदा पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेलं. २०२४ लाही तसंच झालं. देशाच्या राजकारणात दूरगामी बदल कोणता, असं मला विचारलं तर मी आधी हा सांगेन. पक्ष येतात-जातात, त्याबद्दल पेपरात रोज येतं. सोळा टक्क्यांचं अंतर साठ वर्षांत मिटलं, त्याबद्दल कुणी मिरवणूक काढली नाही.

आता पक्षांकडे येऊ.

डहाणू मतदारसंघाचा इतिहास पाहिला तर तो देशाच्या राजकारणाबरोबर हललेला दिसतो. १९७७ ला आणीबाणीनंतर इंदिरा गांधींचा पराभव झाला, तेव्हा इथे लाल बावटा. १९८० ला त्या परत आल्या, तेव्हा काँग्रेसचे दामोदर शिंगडा, आणि ते १९९१ पर्यंत चार वेळा. १९९६ ला भाजपचे चिंतामण वनगा. १९९८ ला काँग्रेसचे शंकर नम, १९९९ ला पुन्हा वनगा, २००४ ला पुन्हा शिंगडा. देशातही हेच चाललेलं होतं. १९८४ ला चारशेहून जास्त जागा मिळवणारी काँग्रेस १९८९ पासून एकटीच्या बळावर सरकार बनवू शकली नाही. त्याच १९८४ ला दोन जागा मिळवणारा भाजप २०१४ ला २८२ वर गेला. मधली पंचवीस वर्षं कुणालाच बहुमत नव्हतं, आणि त्या पंचवीस वर्षांत डहाणूचा मतदार पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जात होता. २०२४ ला भाजपला देशात २४० जागा मिळाल्या, म्हणजे पुन्हा बहुमत नाही. आपल्या पालघरमध्ये मात्र भाजपचे डॉ. हेमंत सवरा १ लाख ८३ हजार मतांनी निवडून आले.

इथे पश्चिमेकडच्या मैत्रिणी म्हणतील, आम्ही डहाणूत नव्हतोच. बरोबर आहे. २००८ च्या फेररचनेआधी वसईपासून पालघरपर्यंतची पट्टी मुंबई उत्तर लोकसभा मतदारसंघाला जोडलेली होती. बोरिवली, कांदिवलीबरोबर आपलं मत मोजलं जायचं. त्या मतदारसंघातून १९७७ ला मृणाल गोरे निवडून गेल्या होत्या, पाणीवाली बाई म्हणून ज्यांना सगळी मुंबई ओळखायची. नंतर राम नाईक पाच वेळा, आणि २००४ ला नट गोविंदा. मग २००८ ला नवी रेघ मारली गेली, पालघर हा आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ झाला आणि वसई-नालासोपाऱ्याची शहरी मतं त्यात आली. २००९ ला बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. मतदार होता तिथेच होता. रेघ सरकली. निष्ठा बदलली म्हणताना हेही लक्षात ठेवायला हवं. आणि मृणालताईंच्या नंतर या पट्टीतून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. २०२४ ला भारती कामडी उभ्या होत्या, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाचा अनुभव होता, चार लाखांवर मतं घेतली, पण पडल्या.

आता मी तुम्हाला गेल्या काही वर्षांतली गंमत सांगते. गंमत म्हणते, पण बूथवर उभं राहणाऱ्या बाईला ती गंमत वाटत नाही. जानेवारी २०१८ मध्ये खासदार चिंतामण वनगा वारले. ते आयुष्यभर भाजपचे. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. त्यांच्या मुलाला, श्रीनिवास वनगांना, शिवसेनेनं उभं केलं. भाजपनं काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणून उभं केलं. म्हणजे ज्या घरात वनगासाहेबांच्या नावावर कमळाला मत जायचं, त्यांनी आता नावाकडे बघायचं की चिन्हाकडे? गावित २९ हजार ५७२ मतांनी आले. पुढच्या वर्षी २०१९ ला युती झाली, जागा शिवसेनेला गेली आणि जागेबरोबर गावितही गेले. तेच उमेदवार, एका वर्षात कमळाचे धनुष्यबाण झाले, आणि निवडून आले. श्रीनिवास वनगा त्याच वर्षी शिवसेनेकडून पालघरचे आमदार झाले. २०२२ ला शिवसेना फुटली, ते शिंदे गटात गेले. २०२४ ला त्यांना तिकीट मिळालं नाही. ते मिळालं गावितांना, जे मधल्या काळात पुन्हा भाजपमध्ये जाऊन परत शिंदेंच्या शिवसेनेत आले होते. बोईसरला विलास तरे बहुजन विकास आघाडीकडून दोनदा आमदार, मग शिवसेनेकडून उभे राहिले आणि पडले, आणि २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेकडून पुन्हा आमदार.

मी या माणसांवर टीका करण्यासाठी हे सांगत नाही. कुणाची काय अडचण असते ते त्यांना माहीत. पण इतकं सगळं वर हललं, आणि लेख कशावर लिहिले जातात, तर मतदार चंचल झाला यावर! आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "ताई, घरातली भिंत रोज सरकवली, तर मी डोकं कुठं टेकू?" मला तिचं म्हणणं पटलं. २०१९ ला पालघर लोकसभेत 'नोटा'ला २९ हजारांवर मतं पडली. आदल्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत ज्या फरकानं हार-जीत झाली, जवळजवळ तेवढी. ते बटण दाबायलाही बाई उन्हात रांगेत उभी राहिलेली असते.

एका प्रश्नावर मत फिरतं असंही मी आता मानत नाही. वाढवणच्या बंदराला कोळी बांधव आणि मच्छी विकणाऱ्या बहिणी कित्येक वर्षं विरोध करत आल्या. २०२४ च्या प्रचारात तो विषय गाजला. निकाल काय लागला ते मी सांगितलंच. निकालानंतर पंधराच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६ हजार कोटींच्या त्या बंदराला मंजुरी दिली. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा, त्यातल्या वसई-नालासोपाऱ्याच्या मतदाराला लोकलची गर्दी आणि पाणी महत्त्वाचं, जव्हार-विक्रमगडला रोजगार, किनाऱ्याला समुद्र. आपल्या सूर्या धरणाचं पाणी तिकडे शहरांना जातं, आणि तिथल्या बाईला वाटतं, अखेर नळाला पाणी आलं. तिचं चुकतं का? एकमेकींशी बोलल्याशिवाय आपण एकमेकींच्या विरोधात मत देत राहतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

आता ज्या बायकांचं मतच पडत नाही, त्यांच्याबद्दल. निष्ठेच्या चर्चेत त्या येतच नाहीत. आपल्या पूर्वेकडच्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, वसईकडे, भिवंडीकडे. बयाणा आधीच घेतलेला असतो. पावसाच्या तोंडावर परत येतात. २०१८ ची पोटनिवडणूक २८ मे ला, २०२४ ची लोकसभा २० मे ला. विधानसभा २० नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी होऊन जवळजवळ तीन आठवडे झालेले. ज्याला गाडी पाठवून आणायचं असेल तो पक्ष आणतो. पुरुष मतदानाला गाडीत बसून येतात. लेकरं आणि भट्टीवरचा संसार सांभाळायला बाई मागे राहते. हे मी तीन-चार भट्ट्यांवर जाऊन पाहिलं आहे. ती नवऱ्याला सांगत नाही की मलाही यायचंय, कारण तिला कुणी विचारलेलं नसतं.

आणि इथे बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या भोवती चाळींमधून राहणाऱ्या बायका. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, आपल्याच खानदेश-मराठवाड्यातून आलेल्या. पॅकिंगला जातात, घरकाम करतात. किती जणींचं नाव इथल्या यादीत आहे? मी एका चाळीत विचारत गेले. नवऱ्याचं नाव होतं, कारण कारखान्यात, बँकेत, सगळीकडे कागद लागतो म्हणून त्यानं करून घेतलं. बायकोचं गावाला. एकीचं तर माहेरच्या गावाला, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी. तिला मी म्हटलं, बदलून घेऊ. ती म्हणाली, "राहू द्या दीदी, तिथं माझं नाव आहे. इथं मी फक्त भाडेकरू." मी त्यावर काही बोलू शकले नाही.

आता पैशांकडे येते. मला माहीत आहे, तुम्ही याचीच वाट बघत आहात.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये, तिच्या स्वतःच्या खात्यात. निवडणुकीच्या तोंडावर आणली, हे उघड आहे. आपल्या चळवळीतल्या पुष्कळ मैत्रिणी म्हणतात, ही लाच आहे. मीही म्हणत होते, ते तुम्हाला सांगितलं. आज मी तसं म्हणत नाही. रोजगार हमीची मजुरी दोन-दोन महिने न मिळालेल्या बाईला, जिच्या हातात घरातला एक रुपया मोजून दिला जातो, तिच्या नावावर पैसे आले. त्या पैशांतून कुणी मुलीची शाळेची बस लावली, कुणी दात काढला, कुणी एक साडी घेतली. साडी घेतली म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांना मी आता उलट विचारते, पुरुषाला बोनस मिळाला तर तो काय काय घेतो?

पण दुसरं टोकही मला पटत नाही. "दिलंय तर मत द्यायलाच हवं, नाहीतर खाल्ल्या मिठाला जागलो नाही," असं काही बहिणींनी मला सांगितलं. हे ऐकून मला लग्नगडी आठवला. कर्ज सावकाराच्या वहीत, आणि फेडायची माणसानं, जन्मभर. सरकारनं दिलेले पैसे हे कुणाच्या खिशातले नाहीत. साबण, मोबाईलचं रिचार्ज, प्रत्येकावर आपण कर भरतो. रेशन, पेन्शन, पंधराशे रुपये, हे ज्या दिवशी उपकार झाले त्या दिवशी आपण पुन्हा वहीत गेलो. आणि भाऊ हा शब्द मला खटकतो. भावानं दिलं म्हटलं की मागता येत नाही, बहिणीनं हक्क मागितला की नातं तुटतं. वडिलांच्या जमिनीत वाटा मागून पाहिलेल्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा.

निवडणूक झाल्यावर काय झालं ते पाहा. प्रचारात २१०० चं आश्वासन होतं. नंतर छाननी सुरू झाली. संजय गांधी निराधार योजनेतल्या २ लाख ३० हजार बायका वगळल्या गेल्या, कारण एका बाईला दोन योजना नकोत. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं, नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. घरचं उत्पन्न तपासायचं होतं म्हणे. तेव्हा आमच्याकडे ज्या बायका रडत आल्या, त्या कोण होत्या? विधवा, सोडलेल्या, आणि ज्यांचा नवरा दुसरी करून राहतो त्या. एकीचा नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला. ती म्हणाली, "त्याचा ओटीपी कुठून आणू? त्याला फोन केला तर तो म्हणेल अर्धे मला दे." पुढे विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडीत द्यायची सोय झाली, मुदतही वाढली. पण सोडलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा कागद. नवरा जिवंत आहे आणि नाहीही. म्हणजे १९५१ ला अमक्याची बायको म्हणून नाव चालणार नाही असं सांगणारं राज्य पंचाहत्तर वर्षांनी तिला विचारतं, तू कुणाची बायको?

माझ्यापुरती मी इथे येऊन पोचले आहे. बायकांचं मत हा आता देशाच्या राजकारणातला सगळ्यात मोठा गठ्ठा आहे, हे सगळ्या पक्षांना कळलं. मध्य प्रदेशात लाडली बहना, कर्नाटकात गृहलक्ष्मी, पश्चिम बंगालमध्ये लक्ष्मीर भांडार, तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांनी आणल्या. म्हणजे बाई घरापासून वेगळी मतदार आहे हे त्यांनी मान्य केलं. पण ती घरापासून वेगळी नागरिक आहे, हे त्यांच्या कागदावर अजून उतरलेलं नाही. २०२३ ला लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होईल अशी अट घालून. पंचायतीत मात्र १९९३ पासून आपण आहोत, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, असे नमुने तुम्ही मला दहा दाखवाल, मी तुम्हाला अकरा दाखवेन. पण त्याच बायकांतल्या काही जणी दुसऱ्या वेळी नवऱ्याला ग्रामपंचायतीच्या बाहेर बसवतात, तेही आपण पाहिलं आहे.

मी तुम्हाला अमक्याला मत द्या असं सांगणार नाही. ते सांगायचा हक्क मी त्या नोव्हेंबरच्या बैठकीत गमावला. त्या मावशींनी कुणाला मत दिलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता चहा येतोय. त्यानंतर त्या खिडकीजवळच्या टेबलावर दोघी कार्यकर्त्या बसतील. ज्यांचं नाव माहेरच्या यादीत आहे, ज्यांचा पत्ता बदलला, नाव चुकलं, त्यांच्यासाठी फॉर्म ८ आहे. ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्यासाठी फॉर्म ६. फोटो आणि पत्त्याचा कागद नसेल तरी या, काय लागेल ते लिहून देऊ. भट्टीवर जाणाऱ्या बहिणींनी कधी निघणार तो महिना सांगा. आणि ज्या बायकांना नवऱ्याच्या आधारमुळे अडकवलं आहे, त्यांनी आपलं नाव, आपलंच नाव, त्या वेगळ्या वहीत लिहा. आपण सगळ्यांचे अर्ज एकत्र घेऊन पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत. पुढच्या सोमवारी, सकाळच्या गाडीनं. तिकिटाचे पैसे गटातून.